वाळूतला माग: शॉर्टफिल्मच्या कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

९ जून
मागच्या फिल्मच्या वेळी काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि परवा कोल्हापूरच्या एका मुलीनं विचारलं की ताई वाळूचं टेबल कसं केलंत, तर मला एक माप धड आठवेना. म्हणून ह्या वेळी रोज नाही तरी काही बिघडलं की त्याच दिवशी लिहायचं असं ठरवलंय.

बेळगावच्या वडगावात काकांचे चार पॉवरलूम होते, दोन भंगारात गेले, उरलेले दोन दिवाळीपर्यंत चालवतो म्हणतात. त्या मागावर फिल्म करतेय, संवाद नाहीत, फक्त मागाचा आवाज आणि काचेवर वाळू. काचेखाली लाइट, वर कॅमेरा, वाळू जिथं आहे तिथं काळं दिसतं, जिथं सारली तिथं उजेड. एक चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, तेच चित्र थोडं मोडून पुढचं करायचं. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ठरवलेली लांबी २ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे १,९२० चित्रं. दिवसाला ४५ धरली तर दीड महिन्यात काम संपतं. (हे वाक्य मी मुद्दाम खोडलं नाही.)

एक्सपेरिमेंटल अ‍ॅनिमेशन हे माझं करिअर आहे असं मी फेस्टिव्हलच्या फॉर्मवर लिहिते, बँकेच्या फॉर्मवर लिहीत नाही. पंधरा वर्षं झाली, घर चालतं ते लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप आमंत्रणांवर, दवाखान्यांच्या माहितीच्या व्हिडिओंवर आणि श्रावणात गणपती मंडळांच्या देखाव्यांवर. फिल्म ह्या सगळ्याच्या फटीत होते.

१४ जून
वाळू. मागच्या वेळी मार्कंडेय नदीची चाळून घेतली होती, दाणे लहानमोठे निघाले आणि पडद्यावर रेघ करवतीसारखी दिसली. ह्या वेळी उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेले. आपल्याकडं एवढ्या फाउंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत, साच्याला लागणारी सिलिका वाळू एकसारख्या दाण्याची असते हे इतकी वर्षं डोक्यात कसं आलं नाही कुणास ठाऊक.

मिस्त्रींनी आधी साच्यातलीच काळी वाळू दिली. बघून खूश झाले, काळी म्हणजे आयतीच. घरी आणून काचेवर टाकली तर चिकटली, कारण तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, ओली करून दाबली की आकार धरावा म्हणूनच घालतात. मला नेमकं उलटं पाहिजे, फुंकर मारली की सरकली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा कोरी सिलिका दिली. सुंदर सरकते, पण दाणा काचेसारखा, उजेड आरपार येतो, काळ्याच्या जागी चहाचा रंग. बोटभर थर द्यावा तेव्हा कुठं अंधार होतो, आणि बोटभर थरात बारीक रेघ काढता येत नाही.

शेवटी मिस्त्रीच म्हणाले, “अक्का, जळकी वाळू धुऊन घ्या की. माती जातीय, दाणा काळाच ऱ्हातोय.” बरोबर निघालं. वापरून टाकून दिलेली वाळू सहा पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, दोन चाळण्यांतून काढली. दहा किलो आणली होती, हातात साडेसहा आली. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड, त्यामुळं आईनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं सोडलं. खर्च: वाळू फुकट, मिस्त्रींना चहा-भजी १२० रुपये.

हे करणार असाल तर एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. सिलिकाची बारीक धूळ छातीत बसते आणि बसली की निघत नाही, फाउंड्रीतल्या माणसांना विचारा. धुण्यानं ती बरीचशी जाते म्हणून धुवायचीच, कोरडी चाळायची तर अंगणात आणि एन-९५ लावून. तोंडाला ओढणी बांधून भागत नाही.

२२ जून
टेबल आणि काच. काच ८ एमएमची, टफन केलेली, २४ बाय २४ इंच, ७२० रुपये. सुताराला मी माप सांगितलं फ्रेमच्या आतलं आणि त्यानं धरलं बाहेरचं, म्हणजे आतलं आलं साडेतेवीस. काच बसेना. काचवाल्याकडं घेऊन गेले, अर्धा इंच कापून द्या म्हटलं तर तो हसलाच. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कापायला गेलं की सगळीच्या सगळी चुरा होते. मग काच राहिली तशी आणि टेबल बदललं. सुतार १,८०० अधिक ६००. चूक माझी, कारण कागदावर काढून दिलं नव्हतं, तोंडी सांगितलं होतं. अ‍ॅनिमेशनवाली बाई आणि चित्र काढून दिलं नाही.

आधी स्वस्त पडतं म्हणून दुधी अ‍ॅक्रिलिकवर ट्राय केलं होतं. ब्रश फिरवला की अ‍ॅक्रिलिकला स्टॅटिक येतं आणि बारीक दाणे केस चिकटावे तसे चिकटतात. काचच घ्या, खालून बटर पेपर लावा, उजेड मऊ पडतो.

३० जून
पहिली टेस्ट, ४८ चित्रं, चार सेकंद. लावून बघितली तर फिल्म लुकलुकतेय, ट्यूब जायला आल्यासारखी. तीन दिवस गेले ह्यात. तीन वेगवेगळी कारणं एकदम होती म्हणून सापडत नव्हतं:

पहिलं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर राहिला होता. ह्याची मला लाज वाटते त्यामुळं पुढं जाते.

दुसरं, लेन्स. आताच्या लेन्स प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, उघडतात, मिटतात, आणि दर वेळी अगदी तेवढंच मिटत नाहीत. एका फोटोत कळत नाही, बारा फोटो सेकंदात पळाले की कळतं. त्यावर जुगाड असा की प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरून लेन्स किंचित फिरवायची, कॉन्टॅक्ट सुटतो आणि अ‍ॅपर्चर आहे तिथंच राहतं. चाललं, पण लेन्स अर्धवट लटकलेली आणि खाली काच, छातीत धडधड. शेवटी जुनी मॅन्युअल ५० एमएम आणि अ‍ॅडॅप्टर घेतला, ३,८०० रुपये. सगळ्यात मोठा खर्च हाच आणि ह्याचाच पश्चात्ताप नाही.

तिसरं, पॅनेल. छताला लावतात तसलं दोन बाय दोन फुटाचं एलईडी, १,४५० रुपये. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की उजेड पडत होता. पॅनेलला वीज देणारा डबा, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो बदलून चांगला कॉन्स्टंट करंटवाला घातला, ४५० रुपये. शटर पाव सेकंदाचं ठेवलं, म्हणजे लाइटची बारीक थरथर एका फोटोतच मिसळून जाते. आणि पॅनेल चालू केल्यावर अर्धा तास काही करायचं नाही, गरम होईपर्यंत त्याचा उजेड हळूहळू उतरतो. ह्या अर्ध्या तासात मी भाजी चिरते.

११ जुलै
पाऊस. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, पण महाबळेश्वरात पावसाळ्यात वाळूची फिल्म कोण करत नाही. वाळूला ओल धरतेय, चिमटीतून सुटत नाही, गोळ्या पडतात, रेघ ओढली की कडा ढासळण्याऐवजी उभ्या राहतात. कढईत भाजून घेतली, दोन तास छान चालली, मग परत तेच. शिवाय भाजलेली थंड व्हायला पाऊण तास, पंखा लावता येत नाही.

शेवटी पॅनेल रात्रभर चालूच ठेवायला लागले आणि टेबलावर फ्रिजचं रिकामं खोकं पालथं घालते, आत ऊब राहते. बिल वाढेल पण वाळू कोरडी राहिली. आजपर्यंत चित्रं १९०. ठरवल्याप्रमाणं आज नऊशेच्या वर पाहिजे होती.

२८ जुलै
काही नाही. एका दवाखान्याचा मधुमेहाचा व्हिडिओ, चार वेळा बदल, पैसे पुढच्या महिन्यात. पावसानं खानापूरकडचे रस्ते बंद.

कॅरोलिन लीफनं १९६९ साली विद्यार्थिनी असताना लाइटबॉक्सवर वाळू पसरून पहिली फिल्म केली हे आम्हाला कॉलेजात भक्तिभावानं सांगायचे. पुढं १९७२ मध्ये ती कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेली आणि तिथं वर्षानुवर्षं तिला हेच करायचा पगार मिळाला, हे मात्र कुणी जोर देऊन सांगितलं नाही. विद्यार्थ्यांनो, फिल्म बघताना खाली कुणाचं नाव आहे तेपण बघा.

५ ऑगस्ट
मागाचा आवाज रेकॉर्ड करून आणला होता त्यावर चित्रं बसवायला घेतली. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारी शटल, एकदा इकडून तिकडं गेला की एक ठोका. मिनिटभर मोजले तर १२६. आता मिनिटाला १,४४० फ्रेम भागिले १२६ म्हणजे ११ पूर्णांक ४३. ठोका फ्रेमच्या मध्येच कुठंतरी पडतोय. मी बारा फ्रेम धरून ९६ चित्रं केली आणि आठ सेकंदांच्या शेवटी आवाज जवळजवळ एक ठोका पुढं निघून गेला.

उपाय सोपा होता, आधी सुचला असता तर दोन दिवस वाचले असते. ऑडासिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो ४.८ टक्क्यांनी कमी केला, १२६ चे १२० झाले, ठोक्याला बरोबर १२ फ्रेम, म्हणजे सहा चित्रं. काकांना दोन्ही ऐकवले. दुसरा ऐकून म्हणाले, “ह्याचा पट्टा सैल झालाय गं.” म्हणजे पाच टक्के त्यांना कळतात. मी काही बोलले नाही, आवाज तोच ठेवला.

७ ऑगस्ट
काकांना केलेली चित्रंपण दाखवली. धोटा सहा चित्रांत डावीकडून उजवीकडं सरकतोय, प्रत्येक चित्रात टोकं नीट, सावली नीट, माझा दीड दिवस त्यात गेलेला. काका म्हणाले, “धोटा असा फिरायला गेल्यासारखा जातोय व्हय? तो दिसतोय कुठं? आवाज आला की गेला म्हणायचं.”

खरं आहे. लहानपणी आजीशेजारी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरत बसायचे तेव्हा मी तासन्‌तास धोट्याकडं बघितलंय आणि एकदाही मला तो मध्ये दिसला नाही. तरी काढताना डोक्यातला काढला. आता एका चित्रात सगळ्या रुंदीभर एक पांढरा फराटा, बाकीच्या पाच चित्रांत फक्त कापड केसभर पुढं. दिसायला दसपट जिवंत आणि कामाला निम्मं. ९६ चित्रं गेली.

१८ ऑगस्ट
ताणा. उभे धागे, पडद्यावर किमान चाळीस तरी पाहिजेत, आणि प्रत्येक चित्रात थोडे हलले पाहिजेत नाहीतर ते कापड न वाटता गज वाटतात. आधी मेंदीच्या कोनातून वाळू सोडून रेघा ओढल्या. एका चित्राला पन्नास मिनिटं. आई येऊन बघून गेली, रांगोळीच्या चिमटीनं तिनं माझ्यापेक्षा सरळ आणि लवकर पाच रेघा ओढल्या आणि म्हणाली माझी कंबर दुखते, ह्यापुढं तू बघ.

मग काकांच्या भंगारातून मागाची जुनी फणी आणली. ज्यातून ताण्याचे धागे ओवलेले असतात ती पोलादी पात्यांची फणी. वीतभर तुकडा कापून घेतला आणि वाळूच्या थरावरून ओढला. काहीच उठलं नाही, कारण पात्यांमधली फट दाण्यापेक्षा थोडीच मोठी, वाळू आत अडकून बसली. पक्कडीनं एक आड दोन पाती उपटून काढली आणि परत ओढली. चाळीस रेघा, एका ओढीत, चार सेकंदांत. हात किंचित हलतो त्यामुळं प्रत्येक वेळी रेघा थोड्या वेगळ्या येतात, म्हणजे मला पाहिजे होती ती थरथरपण फुकटात. त्या दिवशी ११० चित्रं झाली. अख्ख्या फिल्ममध्ये एवढी एका दिवसात कधी झाली नाहीत.

२६ ऑगस्ट ते १० सप्टेंबर
मंडळांची कामं. दोन देखाव्यांचं एलईडी स्क्रीनचं अ‍ॅनिमेशन, एकाचे पूर्ण पैसे आले, दुसरे म्हणतात विसर्जन होऊ दे. फिल्म बंद.

१८ सप्टेंबर
काल विसर्जन. मूर्खपणा असा की सोमवारी मी एक शॉट अर्धा ठेवला होता, ४१ चित्रं झालेली, वर खोकं पालथं घातलेलं. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्रभर. सकाळी खोकं उचललं तर वाळूच्या रेघा नाहीत, त्या जागी लाटा, गोल गोल, अगदी नक्षीदार. डीजेच्या ठोक्यानं काच थरथरत राहिली आणि वाळू जिथं काच कमी हलते तिथं जाऊन बसली. बघायला इतकं छान होतं की फोटो घेतला, मग बसून राहिले.

वाळूत हेच आहे. कागदावरचं चित्र हरवलं तर एक चित्र हरवतं, इथं मधलं एक गेलं की पुढं जाताच येत नाही कारण मागचं आधीच मोडलेलं असतं. ४१ चित्रं टाकली, शॉट पहिल्यापासून.

टेबलाच्या पायांखाली आता रबराच्या वड्या आहेत, त्यानं रिक्षा आणि ट्रक थांबतात, डीजे थांबत नाही. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाच्या मिरवणुकीतपण हेच होणार, त्या दिवशी काच पुसलेलीच ठेवायची.

३ ऑक्टोबर
कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना कॅमेरा हलला. केसभरच, पण लावून बघितलं की सगळा माग उजवीकडं उडी मारतो. डमी बॅटरी घेतली, एक टोक कॅमेऱ्यात, एक भिंतीतल्या प्लगला, १,१०० रुपये. ही जूनमध्येच घ्यायला पाहिजे होती, मी अकराशे वाचवायला गेले आणि ६२ चित्रं घालवली. ब्लेंडर ह्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी चित्रं सरकवून जुळवता येतात, मी केलं नाही कारण कडेला पट्टी उघडी पडत होती.

भाचा येऊन बसला होता, सहावीत आहे. म्हणाला आत्या, तीन तासांत किती झालं? चार सेकंद म्हटलं. त्याला फाळक्यांचं सांगितलं, १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा लावून महिनाभर शूटिंग केलं आणि फिल्म निघाली मिनिटभराची. म्हणाला त्यांचा वाटाणा निदान आपणहून वाढत होता.

१४ ऑक्टोबर
परतीचा पाऊस, रात्री खिडकीतून पाखरं. अंधाऱ्या खोलीत खालून उजेड लागलेली काच म्हणजे किड्यांना जत्राच. एक बारका किडा माझं लक्ष नसताना कापडावरून चालत गेला, पाठीमागं पायांची नक्षी. सात चित्रांत आलाय. काढला नाही. खिडकीला मच्छरदाणीचं कापड लावलं ते मात्र लगेच.

आज हिशेब केला. ह्या वेगानं १,९२० व्हायला जानेवारी उजाडेल. गल्लीतून माग बंद पडत जातात तो सगळा भाग काढला, म्हणजे ३० सेकंद, ३६० चित्रं. तो भाग मला स्टोरीबोर्डमध्ये सगळ्यात जास्त आवडत होता आणि तो काढल्यावर फिल्म बरी झाली हे चिडून लिहितेय. आता २ मिनिटं १० सेकंद, १,५६० चित्रं.

२४ नोव्हेंबर
शेवटचं चित्र दुपारी सव्वातीनला. एकूण काढली २,१९० च्या आसपास, वापरली १,५६०. रॉ फाइली फक्त वापरलेल्या धरून ३४ जीबी, दोन ठिकाणी कॉपी.

खर्च: टेबल २,४००, काच ७२०, पॅनेल १,४५०, ड्रायव्हर ४५०, लेन्स ३,८००, डमी बॅटरी १,१००, मास्क-ब्रश-चाळण्या ४८०, चहा-भजी १२०. बेरीज १०,५२०. विजेचं वाढीव बिल आणि माझे दिवस ह्यात नाहीत. कॅमेरा जुनाच होता.

काकांना दाखवली. दोनदा बघितली. पहिल्यांदा काही बोलले नाहीत, दुसऱ्यांदा म्हणाले धागा एकदापण तुटला नाही की, असला माग मी आयुष्यात बघितला नाही. त्यामुळं उद्यापासून परत दोन दिवस, मध्ये एक धागा तोडायचा आहे. ती चित्रं वाढवायची नाहीत, मागाची तेवढीच कमी करायची.

८ डिसेंबर
धागा तुटला, माग थांबतो, आवाज थांबतो. त्या शांततेत मूळ रेकॉर्डिंगमधला एक तुकडा वापरलाय: काका ओरडतात, “ए, बंद कर,” आणि कामगार आतून म्हणतो, “आय्तु री.” काका मराठीत सांगतात, तो कन्नडात झालं म्हणतो, पंचवीस वर्षं त्यांचं असंच चाललंय.

पहिल्याच फेस्टिव्हलच्या फॉर्मवर अडले. चित्रपटाची भाषा हा रकाना रिकामा सोडता येत नाही. संवाद नाहीत असा पर्याय होता आणि सहा महिने मी तोच लिहिणार होते, पण आता दोन वाक्यं आहेत. शेजारचे काकापण जिन्यात हेच विचारून गेले, पिच्चर मराठी की कन्नड? फॉर्मवर दोन्ही लिहिल्या, मराठी आधी की कन्नड आधी ह्यात पाच मिनिटं गेली, शेवटी ज्या क्रमानं ते बोलतात त्या क्रमानं. आता फॉर्म म्हणतो दोन भाषा असतील तर सबटायटल जोडा. दोन वाक्यांची सबटायटल फाइल उद्या करते.

काकांचा एक माग गेल्या आठवड्यात गेला. दुसरा अजून चालू आहे.

वाळू साडेपाच किलो उरलीय, धुतलेली, चाळलेली. पुढची फिल्म कोळशात करायचा विचार आहे त्यामुळं मला नको. कुणाला पाहिजे असेल तर शहापुरात येऊन घेऊन जा, डबा आपला आणा, झाकणाचा.